सेक्टर पस्तीसातली पोपटी

६ डिसेंबर १९८७, रविवार. सकाळ.

ही नोंद मी शांत चित्ताने करतो आहे. आज खोबरेल तेल गोठलं.

बाटली उलटी केली, हलवली, बुडाला थापट्या मारल्या. शेवटी विणायची सुई आत घातली. सुई आतच राहिली. ज्याचे पूर्वज चौलला माडांच्या सावलीत जन्मले आणि माडांच्याच सावलीत गेले, ज्याचं डोकं आजवर एक दिवस तेलाविना राहिलेलं नाही, अशा माणसावर चंदीगडने हा प्रसंग आणावा? बदलीच्या आदेशात याचा उल्लेख नव्हता. महागाई भत्ता आहे, घरभाडं आहे. गोठलेल्या तेलाबद्दल सरकार गप्प आहे.

सुनेत्राला (पत्नी, माहेर कोल्हापूर) सांगितलं. ती म्हणाली, बाटली उन्हात ठेवा. कुठे आहे ऊन, मी विचारलं. म्हणाली, खाली बाजवांच्या अंगणात.

खरं दुखणं इथे आहे. या घरात जे जे ऊबदार आहे ते सगळं खालच्या मजल्यावर आहे. ऊन खाली, शेगडी खाली, आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून माझी दोन्ही मुलंही खाली. सरदार गुरबचनसिंग बाजवा, आमचे घरमालक, कालवे खात्यातून निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या पत्नीला सगळा सेक्टर बीजी म्हणतो. आता माझी मुलंही म्हणतात. मला पापा म्हणतात ते वेगळं. बाबा म्हणायला शिकवलं होतं.

रात्र.

कोल्हापूरहून ट्रंक कॉल. सासरे रोज सकाळी पंजाबातल्या बॉम्ब-गोळीबाराच्या बातम्या वाचतात आणि रोज रात्री त्या आम्हाला ऐकवतात, जणू आम्ही इथे राहत नाही. फोन ठेवून सुनेत्रा म्हणाली, संक्रांत झाली की मी मुलांना घेऊन माहेरी जाते. तुमचं टेन्युअर संपेल तेव्हा या.

मी म्हटलं, नाकेबंदी आहे, जवान आहेत, घाबरायचं काय? ती म्हणाली, बाहेरचं मला एवढं वाटत नाही हो. पाच वाजता दार लावायचं आणि मग चार खोल्यांत चार माणसं. जेवायला एकेक जण येऊन उभ्या उभ्या खाऊन जातो. याला घर म्हणायचं तर मग लॉज कशाला म्हणायचं?

खुशाल जावं. एकटं राहणं मला मानवतं. कॉलेजात असताना अख्खी दिवाळीची सुट्टी मी होस्टेलवर एकट्याने काढली आहे. तेव्हा मेस बंद होती आणि मला कावीळ झाली, तो भाग वेगळा.

तरीसुद्धा केवळ मुलांच्या हितासाठी एक निर्णय घेतला आहे. यापुढे दर रविवार हा ‘कौटुंबिक दिवस’. चौघांनी एकत्र बसून घरचं, आपल्याकडचं, हिवाळ्याचं गरमागरम जेवायचं. करणार मी. मला स्वयंपाक येत नाही ही अडचण नाही. मी अठरा वर्षं ऑडिटमध्ये आहे. एखादी गोष्ट स्वतः कधीही न करता ती कशी करायला हवी होती, हे मला अचूक कळतं.

१३ डिसेंबर, रविवार.

पहिला कौटुंबिक दिवस. बेत: तांदळाची भाकरी, लसणाची चटणी, लोणी.

चक्कीवाला तांदूळ दळायला तयार होईना. म्हणाला, बाबूजी, चावल खाने की चीज है, पीसने की नहीं. ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. त्याने मक्यामागोमाग दळून दिले. पीठ पिवळं आलं.

पहिली भाकरी थापताना फुटली. दुसरी तव्यावर टाकताना फुटली. तिसरी फुटली नाही, आणि मग ती चौघांनाही काही केल्या फुटली नाही. चारुदत्तने (वय दहा) विचारलं, पापा, ये किस चीज का पापड है? मीनाक्षी (वय चौदा) ‘इंटरेस्टिंग’ म्हणाली. सुनेत्राने एक तुकडा बराच वेळ तोंडात ठेवला. मी ती पसंती समजतो.

इतक्यात खालून बीजींची हाक. खिडकीतून सरसोंच्या सागाचा (म्हणजे मोहरीच्या पालेभाजीचा) वास. मुलं ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून गेली. मुलांना आणायला सुनेत्रा गेली. सुनेत्राला आणायला कोणी उरलं नाही.

मी एकट्याने चटणीची फेरतपासणी केली. चटणी निर्दोष होती.

निष्कर्ष: बाजवांकडे खिडक्या उघड्या ठेवून स्वयंपाक करतात. ही स्पर्धा न्याय्य नाही.

२० डिसेंबर, रविवार.

सोलकढी. आईने पाठवलेली आमसुलं इतके महिने जपून ठेवली होती. नारळ सेक्टर १७ मधून, पूजेच्या दुकानातून आणला. आत पाणी नव्हतं, पण श्रद्धा भरपूर असावी.

दूध काढलं, आगळ घातलं, आमच्या पद्धतीप्रमाणे निवायला खिडकीत ठेवलं. वाढायला घेतली तेव्हा वर पांढरी जाड चकती धरली होती. चारुदत्तने तिच्यावर चमच्याने टकटक केलं आणि अंदर कोई है, असं विचारलं.

मी सांगितलं की चकती बाजूला करून खालची कढी प्या. सुनेत्रा म्हणाली, अहो, बाहेर धुक्यात समोरचं फाटक दिसेना आणि तुम्ही पोरांना गार कढी पाजताय? हे हिवाळ्याचं जेवण? मी म्हटलं, आमच्याकडे जानेवारीतसुद्धा पितात. ती म्हणाली, तुमच्याकडे जानेवारीत पंखे चालू असतात.

हा शेरा कोल्हापूरचा असल्याने ग्राह्य धरला नाही.

२१ डिसेंबर.

दोन्ही मुलांना सर्दी. बीजींनी बेसनाचा पातळ, गरम शिरा पाजला. दूध, वेलची, तूप. म्हणे इथलं सर्दीवरचं औषध हेच. मुलं आणखी सर्दी व्हावी म्हणून प्रार्थना करताहेत. आता औषधसुद्धा खालून.

२७ डिसेंबर, रविवार.

कौटुंबिक दिवस स्थगित. कारण: कुटुंब हजर नव्हतं. बीजींकडे पिन्न्या वळायला तिघंही गेले होते. मी ब्रेड-बटर खाल्लं. ब्रेड कडक, बटर त्याहून कडक.

एक पिन्नी माझ्यासाठी वर आली. कणीक, तूप, गूळ, बदाम. तत्त्व म्हणून खाल्ली नाही. संध्याकाळी तत्त्वाचा फेरविचार केला.

सुनेत्राने शेजाऱ्यांकडून रेल्वेचं टाइमटेबल मागवलं आहे. टेबलावर उघडंच ठेवलं होतं. मी ते मिटून ठेवलं. धूळ बसते म्हणून.

१ जानेवारी १९८८, शुक्रवार.

नववर्षाचे संकल्प: (१) पहाटे फिरायला जाणे. (धुकं असल्यास नाही.) (२) रागावणे नाही. (३) पोपटी.

हे आधी कसं सुचलं नाही! माझी चूक एवढीच की मी या लोकांशी गॅसच्या शेगडीवर लढत होतो. पोपटीपुढे साग काय टिकणार? मडकं, पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. मीठ-ओवा. तोंड पाल्याने घट्ट बंद, मडकं उलटं, भोवती जाळ. आमच्या चौलला थंडी पडली की शेतात सगळे काका-मामा हे करायचे आणि अख्खं कुटुंब आगीभोवती बसायचं. तेल नाही, तूप नाही, गॅस नाही, भांडणं नाहीत.

पोपटी उतरवायच्या वेळेला मी दरवर्षी झोपलेला असायचो. पण तंत्र अंगात मुरलेलं आहे.

तारीख ठरवली: १० जानेवारी, रविवार. संक्रांतीच्या आधी. सहज सोयीची म्हणून.

सुनेत्राला सांगितलं. ती म्हणाली, बाहेर? अंधारात? आग लावून? या दिवसांत? मी म्हटलं, होय. ती म्हणाली, बाजवांना विचारलंत? मी म्हटलं, बारीकसारीक गोष्टींत घरमालकाला त्रास देऊ नये.

३ जानेवारी, रविवार.

मडकं मिळालं. कहाणी मोठी आहे.

इथे हिवाळ्यात कोणी मडकं विकत नाही. पार खरड गावापर्यंत स्कूटर नेली. कुंभार म्हणाला, अप्रैल में आना. परत येताना एका दुकानात नवीकोरी मडकी रचून ठेवलेली दिसली. शेजारी बांबू, पांढरं कापड, दोरी. दुकानदार फार सभ्य. हात जोडून, हळू आवाजात विचारलं, किसके लिए जी? मी म्हटलं, घरवालों के लिए. चार लोग हैं, एक में हो जाएंगे. त्याने डोळे मिटले. मग विचारलं, कब हुआ? मी म्हटलं, अभी नहीं हुआ, अगले इतवार को करूंगा, अंधेरा होने के बाद.

त्याने पैसे घेतले नाहीत. मी गल्ल्यावर ठेवून आलो. पंजाबी माणसाचं आतिथ्य काही औरच.

घरी आल्यावर सुनेत्राने मडकं कुठलं विचारलं. सांगितलं. तिने ते जिन्यावरच ठेवायला लावलं आणि मला आंघोळ करायला लावली. गीझर बंद होता.

६ जानेवारी, बुधवार.

वाल नाहीत. मटार घ्यायचे. भांबुर्ड्याचा पाला नाही. मंडीत भाजीवाल्याला वर्णन करून सांगितलं तर तो दोन पावलं मागे सरकला. पर्याय म्हणून सरसोंचा पाला. (बीजींच्या परसातून. मुलीने आणला. मी मागितला नाही.) लक्षात घेण्यासारखी गोष्ट: मडक्याच्या आत पानं फक्त अस्तर म्हणून आहेत. याला साग म्हणता येणार नाही.

बाजवांना कुणीतरी सांगितलंच. संध्याकाळी जिन्यात भेटले. खूष होते. म्हणाले, चौलकर साब, तेरा तारीख को लोहड़ी है. सारा चंडीगढ़ आग जलाएगा. हमारी आग में रख दो अपना मटका. आप भी खाओ, हम भी खाएंगे, रेवड़ी-मूंगफली साथ में.

मी नम्रपणे नकार दिला. पोपटीला स्वतःची आग लागते. दुसऱ्याच्या सणात ती उपरी म्हणून जाणार नाही. शिवाय तेरा तारखेला केली तर लोक म्हणतील बाजवांनी केली. बाजवा म्हणाले, जैसी आपकी मर्जी जी, कस्सी (फावडं) मागे ठेवली आहे, खणायला लागेल.

सगळं गाव ज्या दिवशी आग पेटवणार त्या दिवशी आपण पेटवली तर वेगळेपण काय राहिलं? हे इंजिनिअर माणसाला कळू नये, याचं नवल वाटतं.

९ जानेवारी, शनिवार.

खड्डा खणला. मागच्या अंगणात, कुंपणाजवळ, गल्लीकडच्या बाजूला. गुडघाभर खोल. चौलला खड्डा करत नाहीत असं अंधुक आठवतं, पण इथली थंडी पाहता मडकं जमिनीत असलेलं बरं. सुधारणा म्हणून हे करतो आहे.

दिवसा ऑफिस, त्यामुळे दिवेलागणीनंतर खणलं. गोंगाट नको म्हणून हळूहळू खणलं. माती दिसू नये म्हणून पोत्याने झाकली. बाजवांची शेवंती सुरक्षित आहे. दोन कुंड्या सोडून.

गल्लीतून सायकलवरून जाणारा एक इसम थांबून बघत होता. मी हात हलवला. तो फार जोरात पॅडल मारत गेला.

१० जानेवारी, रविवार. दुपार.

हवामान: धुकं. मनःस्थिती: उत्तम.

मडकं भरलं. मटार, बटाटे, रताळी, कांदे, डझनभर अंडी. तोंड पाल्याने ठासून बंद केलं. वरून कणकेचं लिंपण, ही माझी आणखी एक सुधारणा. वाफ बाहेर जाता कामा नये. सुनेत्राने विचारलं, वाफ कुठूनच बाहेर गेली नाही तर? मी म्हटलं, तोच तर उद्देश आहे.

मुलांना सक्त सूचना: आज संध्याकाळी कोणीही खाली जायचं नाही. म्हणजे, खाली अंगणात यायचं, पण बीजींच्या घरात जायचं नाही.

रात्र.

घडलं ते क्रमाने लिहितो.

जाळ पेटला. सुंदर पेटला. चौघंही आगीभोवती बसलो. खरंच बसलो. चारुदत्तने माझ्या शालीत पाय घातले. मीनाक्षीने विचारलं, पापा, आप छोटे थे तो सच में ऐसे बैठते थे? सुनेत्रा शेकत होती आणि टाइमटेबलाबद्दल एक शब्दही बोलत नव्हती. ही स्थिती पुष्कळ वेळ टिकली. निदान मला तसं वाटलं.

मग गल्लीकडून टॉर्च. नाक्यावरचे जवान आणि चौकीचे एक साहेब. विचारलं, यहां क्या गाड़ा है?

मी उभा राहून संपूर्ण माहिती दिली. घड़ा है, उल्टा गाड़ा है. मुंह पूरा बंद किया है, हवा भी नहीं जा सकती. अंदर बारा नग हैं. आधे घंटे में तैयार होगा.

यानंतर सगळे जवान आडवे झाले. साहेब शेवंतीच्या कुंड्यांमागे. आमच्या कुटुंबालाही आडवं व्हायला सांगण्यात आलं. मी म्हटलं, आताच जाळ काढला तर बटाटे कच्चे राहतील. कोणी ऐकून घेतलं नाही. एका जवानाने नळाखाली बादली भरली आणि लांबून जाळावर ओतली.

तापलेल्या मडक्यावर गार पाणी. आत बंद वाफ. आवाज सेक्टर बावीसपर्यंत गेला असावा. अंडी बाजवांच्या भिंतीवर आढळली. एक रताळं साहेबांच्या टोपीवर.

बराच वेळ कोणीच उठलं नाही. मग चारुदत्त म्हणाला, पापा, बन गया?

माझा आक्षेप पुढच्या भागावर आहे. आवाज ऐकून बाजवा घोंगडी पांघरून बाहेर आले. आणि त्या क्षणापासून माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही! घर कोणाचं? बाजवांचं. अंगण? बाजवांचं. कस्सी? बाजवांची. मुलगा कुठे असतो? कॅनडात. का गेला? कधी गेला? पत्र कधी येतं? मी तीनदा म्हटलं, साहब, गड्ढा मैंने खोदा है. साहेब म्हणाले, आप बैठिए बाबूजी. मी म्हटलं, पूरी योजना मेरी है. ते म्हणाले, आप शरीफ आदमी हैं. आणि पासष्टी उलटलेल्या बाजवांना जीपमध्ये बसवून नेलं.

मराठी माणूस एवढा खड्डा खणू शकतो हे यांना पटतच नाही. हा प्रांतिक अन्याय आहे. त्या खड्ड्यामागे माझे दहा दिवसांचे श्रम होते, आणि श्रेय गेलं कालवे खात्याला.

बीजी दारात उभ्या होत्या. सुनेत्राने त्यांना आत नेलं. आम्हीही गेलो. शेगडीभोवती बसलो, चौघं आणि बीजी. मग बीजींनीच उठून खिचडी टाकली. म्हणाल्या, बच्चे भूखे हैं. सगळ्यांनी एका पातेल्यातून खाल्ली. नऊच्या बातम्यांच्या आधी बाजवा परत आले. त्यांनीही खाल्ली. दाढीला राख लागली होती. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, चौलकर साब, लोहड़ी तीन दिन पहले हो गई.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या कौटुंबिक दिवस पार पडला. सर्व सदस्य हजर. गरम जेवण. नोंद घ्यावी.

११ जानेवारी.

बाजवांनी चौकशी संपेपर्यंत दर रविवारी सकाळी दहा वाजता चौकीत हजेरी लावायची आणि दुपारपर्यंत बाकावर बसायचं, असं ठरलं आहे. औपचारिकता आहे. मी स्वतः सरकारी माणूस असल्याने औपचारिकतेचा आदर करतो.

ऑफिसात ही गोष्ट कळली आहे. शिपाई मला बघून आडवा झाला.

१३ जानेवारी, बुधवार. लोहडी.

आजूबाजूला सगळीकडे जाळ. ढोल. पोरं दारोदार गाणी म्हणत हिंडताहेत. आमच्या अंगणात काही नाही. बीजी म्हणाल्या, इस बार रहने दो. चारुदत्त खिडकीत उभा राहून दुसऱ्यांच्या आगी मोजत होता. मी त्याला समजावलं की दरवर्षी आग पेटवलीच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. तो म्हणाला, आपने तो पेटवली. (हे वाक्य त्याने मराठीत पूर्ण केलं. प्रगती आहे.)

खड्डा बुजवला. माती थोडी कमी पडली. कशी, कळत नाही.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत.

सुनेत्रा तिळगूळ घेऊन खाली गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, आम्ही जात नाही.

मी म्हटलं, म्हणजे पोपटीने काम केलं तर. निदान जाळाभोवतीच्या त्या थोड्या वेळाने.

ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्यात तर्कदोष वाटतो. म्हणाली, तुमच्या पोपटीने नाही हो. दहा तारखेपासून त्यांच्याकडे कोणी फिरकलेलं नाही. दूधवालासुद्धा फाटकापाशी दूध ठेवून जातो. त्या म्हातारीच्या हातचं महिनाभर खाल्लं आणि आता आमच्याच पायी त्यांच्या दाराशी जीप आली, तर मी ट्रंका बांधून निघून जाऊ? कुठल्या तोंडाने?

कारण काहीही असो. कुटुंब थांबलं. उद्दिष्ट साध्य झालं. साधनांबद्दल ऑडिटने फार खोलात जाऊ नये.

टाइमटेबल शेजाऱ्यांना परत केलं.

१७ जानेवारी, रविवार.

फार दाट धुकं. बाजवा साडेनऊला निघाले. फाटकाशी वळून त्यांनी पगडी नीट केली. ऑफिसला निघालेल्या माणसासारखी. दुपारी परतले तेव्हा खोकत होते. बाक बाहेर व्हरांड्यात आहे म्हणे.

आजच्या कौटुंबिक दिवसाला बीजींनी आम्हाला सगळ्यांना खाली बोलावलं होतं. मक्याची रोटी, साग, गूळ. जेवायला बसलो. बाजवा खोकत होते म्हणून सगळे हळू बोलत होते. रोटीचा तुकडा मोडला आणि मला एकदम ऑफिसचं काम आठवलं. मी वर आलो.

ऑफिसचं काम नव्हतं. टेबलाशी बसून राहिलो.

२१ जानेवारी.

गेले तीन दिवस एका मुद्द्यावर विचार करतो आहे. भावनेचा प्रश्न नाही. चौकीच्या कागदात खड्डा बाजवांच्या नावावर पडला आहे. ही सरळसरळ चुकीच्या शीर्षाखाली केलेली नोंद आहे. अठरा वर्षं मी अशा नोंदींवर लाल शाईने शेरे मारत आलो. स्वतःच्या खड्ड्याच्या बाबतीत डोळेझाक केली तर सेवापुस्तकाला काय तोंड दाखवू?

शिवाय श्रेयाचा मुद्दा आहेच.

२४ जानेवारी, रविवार. चौकी.

बाजवांच्या आधी पोचायचं म्हणून लवकर निघालो. घरी सांगितलं, ऑफिसला जातो. सुनेत्राने माझ्या गळ्यात मफलर गुंडाळला आणि हातात डबा दिला. रविवारी माझं ऑफिस बंद असतं, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे.

साहेब नव्हते, मुन्शी (चौकीचा कारकून) होता. मी माझी बाजू मांडली: योजना, खरेदी, खोदकाम, लिंपण, जाळ. सविस्तर. लिंपणामुळे वाफ कशी कोंडली हेही सांगितलं. तो म्हणाला, बाबूजी, सोच लो. सरदारजी की जगह फिर आप को बैठना पड़ेगा. हर इतवार. मैं कुछ नहीं कर सकता. मी म्हटलं, नियमच तसा असेल तर इलाज नाही. तो म्हणाला, इतवार को घर में खाना-वाना खाते नहीं आप? मी म्हटलं, खाते हैं. मेरे बिना भी खा लेते हैं.

त्याने बाजवांचा कागद काढला. मग एका जवानाला सायकलवर सेक्टर पस्तीसला पाठवलं, सरदारजींना सांगायला की आज यायची गरज नाही, पुढेही नाही. कोणी सांगितलं असं विचारलं तर काय सांगू, जवानाने विचारलं. मी म्हटलं, ऊपर से ऑर्डर आया है बोलो. मी वरच्या मजल्यावर राहतो, तेव्हा हे खोटंही नाही.

मग त्याने बाजवांच्या नावावर आडवी रेघ मारली, खाली माझं नाव लिहिलं, वडिलांचं नाव विचारलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.

बाक खरोखरच फार गार आहे. डबा उघडला. साग आहे. अजून गरम आहे. मीठ किंचित कमी.